शिशाचा एप्रन कुणासाठी?

थॉमस एडिसनकडे क्लॅरन्स डॅली नावाचा मदतनीस होता. १८९५मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि डॅली एक्स-रे ट्यूब बनवून त्या स्वतःच्या हातावर तपासू लागला. हात भाजले, जखमा चिघळल्या, कर्करोग झाला, हात कापावे लागले. त्याची अवस्था पाहून एडिसनने या किरणांचा नाद सोडला. १९०४मध्ये डॅली गेला.

आज तशी वेळ सहसा कुणावर येत नाही. मात्र, एप्रन नेमका कशापासून वाचवतो, हे तो रोज घालणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. यंत्रातला झोत रुग्णावर पडतो आणि त्यातला थोडा भाग रुग्णाच्या अंगातून चहूबाजूंना विखुरतो. शेजारच्या डॉक्टर-नर्सना लागतात ते हे विखुरलेले किरण. अर्धा मिलिमीटर शिशाच्या तोडीचा एप्रन त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक अडवतो. पेट स्कॅनच्या गॅमा किरणांची ताकद कितीतरी जास्त. तिथे हाच एप्रन जवळजवळ निरुपयोगी.

खरी कसोटी कॅथलॅबमध्ये लागते. अँजिओप्लास्टी लांबली की डॉक्टर तासन्‌तास रुग्णाला खेटून उभे असतात. एप्रनखाली छाती-पोट सुरक्षित, पण गळा आणि डोळे उघडे. म्हणून थायरॉइड कॉलर हवी, शिशाच्या काचेचा चष्मा हवा आणि छताला टांगलेली काच खाली ओढून घ्यायला हवी. ती बाजूला सारून काम करण्याची सवय वाईट, कारण किरणांमुळे मोतीबिंदू होऊ शकतो. २०११मध्ये किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २०वर आणली, ती याच काळजीपोटी.

एप्रनपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे दोन पावले मागे सरकणे. अंतर दुप्पट झाले की मात्रा साधारण चौथाईवर येते. वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे काढताना हे विसरू नये.

छातीवरचा टीएलडी बॅज एप्रनच्या आत लावायचा. तो किरण अडवत नाही, फक्त हिशेब ठेवतो. ड्यूटी संपल्यावर एक्स-रेच्या खोलीतच लटकत राहिला, तर हिशेब खोटा. कर्मचारी गरोदर असेल, तर तिने लवकरात लवकर कळवावे, म्हणजे कामाची जागा बदलता येते.

रुग्णांचा प्रश्न वेगळा. जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायची पद्धत अनेक दशके चालली. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये ती नेहमीसाठी वापरू नये असे सांगितले. शिसे चुकीच्या जागी आले, तर हवा तो भाग झाकला जातो. फोटो पुन्हा काढावा लागतो. काही यंत्रे तर शिसे आडवे येताच मात्रा आपोआप वाढवतात. शिवाय छातीच्या एक्स-रेत मिळतात जेमतेम ०.१ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतातच. तेव्हा टेक्निशियनने एप्रन दिला नाही म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका. लहान मुलाला धरायला आत जायचे असेल, तर मात्र एप्रन मागून घ्या, झोताच्या बाहेर उभे राहा. गरोदर बाईने हे काम करू नये. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच.

एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकला की आतल्या थराला भेगा पडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. तो हँगरवर टांगावा, वर्षातून एकदा यंत्राखाली धरून तपासावा. भेग सापडली तर बदलावा.