नळाची बैठक

सुटीत ग्वाल्हेरला, लष्करात, मामांकडे गेलो होतो. गल्लीतला रस्ता खचला होता. खालचा सांडपाण्याचा काँक्रीटचा नळ फुटला होता. मला वाटले, नळच कच्चा. निवृत्त ओव्हरसियर असलेले मामा म्हणाले, "अरे, नळ नव्हे, बैठक कच्ची!"

कठीण, सपाट तळावर नळ टेकला की सारा भार एका रेघेवर येतो. म्हणून खाली खडीचा थर देतात व दोन्ही कुशींत माती ठासतात. चाचणीत नळ जेवढा भार पेलतो, त्याच्या सपाट तळावर १.१ पट, तर खडीच्या चांगल्या बैठकीवर १.९ पट भार तो पेलेल असे धरतात. नळ मात्र तोच!

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हिशेब उघड आहे: खडीत वाचवलेला भांडवली खर्च पुढे दुरुस्तीच्या खात्यात व्याजासह उभा राहतो. म्हणून बिल मंजूर करण्यापूर्वी, चर उघडा असतानाच, बैठक पाहावी.