परतीची वाट नसलेले गाव : समकालीन इंग्रजी प्रणयकादंबरीतील दुर्गम ग्रामीण अवकाश

लोकप्रिय प्रणयकादंबरी हा वाङ्मयप्रकार विद्यापीठीय समीक्षेच्या कक्षेत उशिराच आला. जॅनिस रॅडवे यांचा 'रीडिंग द रोमान्स' हा ग्रंथ १९८४ मध्ये आणि पामेला रेजिस यांचा 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' हा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याने वाचक-स्त्रीकडे लक्ष वेधले, दुसऱ्याने रचनेकडे. रेजिस यांनी या प्रकाराचे आठ अनिवार्य घटक सांगितले आहेत. त्यांपैकी एक घटक म्हणजे कादंबरीच्या आरंभी सूचित होणारा सदोष समाज. प्रेमिकांच्या मीलनाने त्या समाजाची घडी पुन्हा बसते, निदान तसा आभास निर्माण होतो. एरवी पार्श्वभूमी म्हणून दुर्लक्षिला जाणारा हा घटक एका उपप्रकारात मात्र कथानकाचा कणा होऊन बसला आहे. शहरातील आयुष्य कोलमडलेली नायिका दूरच्या, जवळजवळ नकाशाबाहेरच्या खेड्यात येते, काही काळापुरती म्हणून राहते आणि तेथलीच होते, हे त्याचे आशयसूत्र. रॉबिन कार यांची 'व्हर्जिन रिव्हर' (२००७) आणि जेनी कोलगन यांची 'द लिट्ल शॉप ऑफ हॅपी एव्हर आफ्टर' (२०१६) या दोन कादंबऱ्यांच्या आधारे या सूत्राचा विचार येथे केला आहे.

गावाकडे जाऊन मन निववणे ही कल्पना नवी नाही. थिओक्रिटस आणि व्हर्जिल यांच्यापासून युरोपीय साहित्यात चालत आलेल्या गोपकाव्याच्या, म्हणजे 'पॅस्टोरल'च्या, परंपरेत नगरातून बाहेर पडणे हे जसे आवश्यक, तसेच परत येणेही. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये आर्डेनच्या अरण्यात सर्व गुंता सुटतो, परंतु तो सुटल्यावर बहुतेक पात्रे राजदरबाराकडे निघतात. अरण्य ही शिकण्याची जागा आहे, वसण्याची नव्हे. समकालीन प्रणयकादंबरीने या रचनेतून परतीचा टप्पा काढून टाकला आहे. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण त्यामुळे सगळ्या रचनेचा तोल बदलतो. परत जायचेच नसेल तर नायिकेला गावात केवळ सौंदर्यानुभव पुरत नाही. तिला छप्पर लागते, काम लागते, उत्पन्न लागते. म्हणून या कादंबऱ्यांत निसर्गवर्णनापेक्षा उद्योगाची वर्णने अधिक आढळतात, आणि त्यांचे खरे वाङ्मयीन कुतूहलही तेथेच आहे.

'व्हर्जिन रिव्हर'ची नायिका मेल मन्रो ही लॉस एंजलिसमधील परिचारिका आणि प्रसूतितज्ज्ञ सुईण. पतीची एका दरोड्यात हत्या झाल्यावर ती उत्तर कॅलिफोर्नियातील डोंगराळ गावात एका वर्षाच्या कराराने येते. राहायला मिळणार असलेले घर मोडकळीस आलेले, वृद्ध डॉक्टरला तिची मदत नको; ती दुसऱ्याच दिवशी परतण्याच्या विचारात असते. तिला थांबवतो तो नायक नव्हे, तर डॉक्टरच्या दारात कोणीतरी सोडून गेलेले नवजात मूल. हा प्रसंग भावविवश आहे, यात शंका नाही. परंतु त्याची योजना पाहण्यासारखी आहे. नायिकेला गावाशी बांधणारा पहिला धागा प्रेमाचा नसून कामाचा आहे. तिच्याजवळ असलेले कौशल्य गावाजवळ नाही आणि त्या कौशल्याची निकड आहे. नायक जॅक शेरिडन हा निवृत्त मरीन सैनिक आणि मद्यगृहाचा मालक. तो तिच्यासाठी ते पडके घर दुरुस्त करतो. त्याच्या मद्यगृहात तिला रोज गरम अन्न मिळते.

रॅडवे यांच्या निरीक्षणाशी हे नीट जुळते. त्यांनी अभ्यासलेल्या स्त्रिया दिवसभर इतरांची काळजी घेत आणि आपली काळजी घेणारे कोणीतरी कथेत शोधत. वाचन हा त्यांच्या दृष्टीने घरातल्या मागण्यांपासून स्वतःसाठी राखून ठेवलेला वेळ होता. मेल ही तर पेशानेच काळजी घेणारी. तिला कोणी जेवू घालावे, तिच्या घराचे छप्पर कोणी नीट करावे, हे प्रणयकादंबरीतील खरे शृंगारस्थळ होय. गर्भधारणा होत नसल्याच्या जुन्या दुःखाचे निवारणही याच कथेत होते. तेथे मात्र लेखिकेने वाचकाच्या इच्छेपुढे संभाव्यतेला फारच सहज माघार घ्यायला लावली आहे.

कोलगन यांच्या कादंबरीकडे अधिक थांबून पाहायला हवे. नायिका नीना ही बर्मिंगहॅममधील ग्रंथपाल. तिचे ग्रंथालय बंद होऊन एका मोठ्या माध्यमकेंद्रात विलीन होते आणि पुस्तके ओळखण्याखेरीज दुसरे काहीच न येणाऱ्या नीनाला त्यात जागा उरत नाही. स्कॉटिश हायलँड्समधील किरिनफीफ या (काल्पनिक) गावातून ती एक जुनी मोठी व्हॅन विकत घेते. शहरात ती उभी करण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून ती व्हॅनच्या मागे गावाला जाते आणि फिरते पुस्तकांचे दुकान सुरू करते. अमेरिकन आवृत्तीचे नाव 'द बुकशॉप ऑन द कॉर्नर' असे आहे. कथेत ना स्थिर दुकान, ना कोपरा. प्रकाशकांना वाचकांच्या अभिरुचीविषयी किती खात्री असते, याचा हा छोटा पुरावा.

२०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात ब्रिटनमधील अनेक स्थानिक ग्रंथालये बंद पडली, ही वस्तुस्थिती या कादंबरीच्या मुळाशी आहे, आणि लेखिकेने ती लपवलेली नाही. परंतु कथानक पुढे सरकते तसे एक मोठे स्थित्यंतर जवळजवळ न सांगता घडते. पुस्तके फुकट वाचायला देणारी ग्रंथपाल पुस्तके विकणारी दुकानदार होते. जी गोष्ट नागरिकाचा हक्क होती ती ग्राहकाची खरेदी झाली, आणि कादंबरी या रूपांतराला पराभव न म्हणता मुक्ती म्हणते. नीनाला सापडलेले स्वातंत्र्य खरे आहे. तिच्या आनंदावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण किरिनफीफच्या ज्या रहिवाशाजवळ पुस्तकासाठी पैसे नाहीत, त्याच्यापुरता प्रश्न जेथे होता तेथेच राहतो.

याची लेखिकेला अंधुक जाणीव असावी. एन्स्ली ही शाळकरी मुलगी व्हॅनमध्ये काम करू लागते. आजारी आईची आणि धाकट्या भावाची सारी जबाबदारी ती एकटी, कोणाला कळू न देता, वाहत असते. हे उपकथानक प्रेमकथेच्या दृष्टीने अनावश्यक आहे, आणि म्हणूनच महत्त्वाचे. गाव म्हणजे एकमेकांना धरून असलेली माणसे, या समजाला ते आतून तडा देते. एवढ्या छोट्या वस्तीत, जेथे सर्वांना सर्वांचे सर्व ठाऊक असते असे म्हटले जाते, तेथे हे कोणालाच ठाऊक नसते. रात्रीच्या मालगाडीचा लाटव्हियन चालक मारेक याचे पात्रही असेच दोन पातळ्यांवर वाचता येते. तो नीनाला अद्भुत प्रेमिकासारखा भासतो, पण त्याचे कुटुंब मायदेशी आहे. पोटासाठी दूर आलेल्या माणसाला 'नव्याने सुरुवात' हा शब्दप्रयोग लागू पडत नाही. त्याचे जुने आयुष्य अजून चालूच असते. नीनाचे नाते अखेर जुळते ते ज्याच्या कोठारात ती राहते त्या लेनॉक्स या मितभाषी शेतकऱ्याशी, म्हणजे जमीन असलेल्या माणसाशी.

जमिनीचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात दाखवून दिले की, इंग्रजी साहित्यातील रम्य ग्रामदृश्यांतून श्रम आणि मालकी हे दोन घटक वारंवार पुसले जातात. हायलँड्समधील ज्या मोकळ्या, निर्जन दऱ्याखोऱ्यांनी नीना मोहित होते, त्यांची निर्जनता निसर्गदत्त नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनदारांनी मेंढपाळीच्या नफ्यासाठी कुळांना हुसकावून लावले, त्या 'क्लिअरन्सेस'चा तो परिणाम आहे. उत्तर कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट किनाऱ्यावर १८६० मध्ये वियोट लोकांची कत्तल झाली होती. 'व्हर्जिन रिव्हर' याच प्रदेशात घडते, आणि गावाच्या नावातील 'व्हर्जिन' या शब्दाने त्या भूमीला पूर्वेतिहास नसल्याचेच जाहीर केले आहे. नव्याने सुरुवात करायला कोरी पाटी लागते. ती कोणी पुसली, हा प्रश्न या कादंबऱ्या विचारीत नाहीत.

मराठी वाचकाला या ठिकाणी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आठवल्यावाचून राहणार नाही. दोन प्रकारांची तुलना समान पातळीवर करता येणार नाही, हे उघड आहे. 'बनगरवाडी' प्रणयकथा नाही. तरीही आरंभबिंदू एकच आहे. एक तरुण परका माणूस, गावाला हवे असलेले कौशल्य घेऊन, दूरच्या वाडीत येतो. गाव त्याला आधी जोखते, मग आपला मानते. पण माणदेशातील त्या धनगरवाडीत निसर्ग हा जखमेवरचा लेप नाही, तो पोटापाण्याचा व्यवहार आहे. पाऊस पडत नाही. मेंढरे मरतात, माणसे एकेक करून वाडी सोडतात आणि मास्तरलाही निघावे लागते. तेथे परत जाणे गोपकाव्यातल्यासारखे शहाणपणाचे फळ नाही आणि मुक्काम प्रणयकादंबरीतल्यासारखे बक्षीस नाही.

या पार्श्वभूमीवर कार आणि कोलगन यांच्या कथांतील हवामान पुन्हा वाचून पाहावे. पाऊस तेथेही येतो, हिवाळा तेथेही कडक असतो. नायिकेची गाडी चिखलात रुतते, कोकरांच्या जन्माच्या हंगामात तिला रात्रभर जागावे लागते. परंतु गाव उठून जाईल असा पाऊस किंवा असा हिवाळा त्यांपैकी एकाही प्रकरणात येत नाही.