कंबर दिसेल असा फोटो काढा

गुऱ्हाळं सुरू झाली की माझ्या मोबाइलवर मुंग्यांचे फोटो येऊ लागतात. करवीर, कागल, पन्हाळा तालुक्यांतून. ढेपेवर चढलेल्या, चिपाडात दडलेल्या, रसाच्या टाकीभोवती जमलेल्या. सोबत प्रश्न एकच, ‘सर, ही कुठली?’ नाव सांगायला घाई करणारेही पुष्कळ असतात. त्या घाईतून काय ओढवतं ते मी जवळून पाहिलंय.

एका गुऱ्हाळावर चुलवाणाजवळचा वाळका ओंडका उचलताना एका पोराच्या मनगटाला मुंगी डसली. भावानं तिचा वरून फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘साधा मुंगळा आहे, चुना लावा,’ असं उत्तर लगेच आलं. थोड्याच वेळात पोराच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. गुळव्यानं ग्रुपकडे न बघता त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, म्हणून पोरगा वाचला.

दुसऱ्या दिवशी त्या ओंडक्यातल्या मुंग्या मी भिंगातून, बाजूनं पाहिल्या. डोकं काळं, धड तांबूस, पोट काळं, डोळे मोठे, आणि धड-पोटाच्या मधल्या कंबरेला दोन गाठी. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. ती वाळक्या लाकडाच्या पोकळीत राहते. तिच्या दंशानं जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी श्रीलंका, थायलंडमध्ये आहेत. मुंगळ्याच्या कंबरेला एकच गाठ असते आणि त्याला नांगी नसते. तो जबड्यानं चावतो आणि पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडतो. वरून घेतलेल्या धूसर फोटोत नेमकी ही कंबरच दिसत नाही.

म्हणून फोटो आधी बाजूनं घ्या, मग वरून, मग समोरून चेहऱ्याचा. जगभरातले अभ्यासकही हीच तीन दृश्यं मागतात. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. नाणं नको, एक रुपयाची नाणीच वेगवेगळ्या आकारांची आहेत. शृंगिकाही स्पष्ट येऊ द्या. सोलेनॉप्सिस या आग्या मुंगीच्या कामकऱ्यांत शृंगिकेला दहा खंड असतात आणि शेवटच्या दोनांची फुगीर गाठ होते. हे मोजता आलं तर निम्मं काम झालं.

रंगावर आणि आकारावर मात्र विसंबू नका. एकाच वारुळात मोठ्या डोक्याचे आणि लहान डोक्याचे कामकरी असतात, त्यामुळे एकाच जातीच्या दोन जाती समजल्या जातात. पाय मोजायलाही विसरू नका. काही उड्या मारणारे कोळी मुंगीचं हुबेहूब सोंग घेतात, पुढचे दोन पाय शृंगिकांसारखे उचलून चालतात. पाय आठ भरले की तो कोळी. आणि एक गाठ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. पश्चिम घाटातली लांब जबड्याची, उडी मारणारी हार्पेग्नॅथस सॉल्टेटर एकाच गाठीची असते, तरी डसते.

फोटोवरून प्रजातीपर्यंत जायचा हट्ट मला पटत नाही. पोट वर उचलणारी, बदामी आकाराच्या टोकदार पोटाची मुंगी क्रेमॅटोगॅस्टर आहे, इतकं मोबाइलच्या फोटोवरूनही सांगता येतं. तिथेच थांबावं. वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आपल्याकडच्या मुंग्यांवर लिहिलं, १९०३ साली बिंगहॅम यांचा ग्रंथ आला. दोघांचंही काम जपून ठेवलेल्या नमुन्यांवर उभं होतं. अ‍ॅप जे नाव दाखवतं, ते शोधाची सुरुवात म्हणून घ्यावं.

डसल्यावर धाप, चक्कर किंवा ओठांना सूज आली तर ओळख पटवत बसू नका, आधी दवाखाना गाठा. मुंगी नंतरही सापडेल. नेमकं नाव हवंच असेल तर एकाच वारुळातल्या तीन-चार मुंग्या अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवा. आत कागदाची चिठ्ठी टाका: गाव, तारीख, झाड की जमीन की वाळकं लाकूड. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.