जमिनीचे मोल कमी धरले गेल्यास काय करावे

जुने जड व्याजाचे कर्ज फेडून कमी व्याजाच्या नव्या कर्जात जावे असे आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटते, व ते वाटणे योग्यच आहे. परंतु बँक प्रथम तारण जमिनीचे मूल्यांकन करविते, आणि ते वाजवीपेक्षा कमी ठरले म्हणजे नवी रक्कम जुन्या कर्जास पुरत नाही. अशा वेळी कोणी बँकेत जाऊन भांडतो, कोणी नशिबास बोल लावून घरी बसतो. दोन्ही मार्ग निष्फळ होत. महसूल खात्यात कारकुनी करीत असता आम्हांस असे दिसून आले की, कमी मोलाचे मूळ बहुधा मूल्यमापकाच्या मनात नसून खातेदाराच्याच दप्तरात असते. आणि जे कागदात चुकले ते कागदानेच सुधारते.

एक कल्पित हिशेब पाहू. एका खातेदाराची जमीन २ हेक्टर आहे. पैकी ८० आर विहिरीखाली भिजते, बाकी १ हेक्टर २० आर जिरायत. मूल्यमापकाने सर्व क्षेत्र जिरायत समजून हेक्टरी ८ लाखांप्रमाणे १६ लाख मोल धरले. त्या गावी भिजणाऱ्या जमिनीस हेक्टरी १८ लाख भाव असेल, तर खरे मोल जिरायतीचे ९ लाख ६० हजार व बागायतीचे १४ लाख ४० हजार मिळून २४ लाख होते. बँक मोलाच्या निम्मे कर्ज देते असे धरल्यास पहिल्या हिशेबाने ८ लाख मिळतात, दुसऱ्याने १२ लाख. जुने कर्ज १० लाखांचे असेल, तर पहिल्या हिशेबाने ते सुटत नाही. व्याज शेकडा १४ वरून १० वर आले असते, तर पहिल्या वर्षीच सुमारे ४० हजार रुपये वाचले असते. विहिरीची एक नोंद नसल्याचा हा तोटा आहे.

ही नोंद राहते कशी? जुन्या मुंबई इलाख्यात १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखाली, खातेदाराने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेपायी सारा वाढवू नये, असे तत्त्व मानले जाई. सबब विहीर खोदली, ताली घातल्या, तरी आकार जिरायतीचाच राहिला. हे संरक्षण न्याय्यच होते. परंतु शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात, शेतजमिनीचे दर अनेक गावी आकारणीच्या गटांवरून मांडलेले असतात. म्हणून विहिरीची नोंद नसलेली जमीन हलक्या गटात पडून राहते. हा तक्ता मुद्रांक शुल्काकरिता आहे. तो प्रत्यक्ष बाजारभाव नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आता उपाय. प्रथम, मूल्यांकनाच्या अहवालाची प्रत बँकेकडे लेखी अर्जाने मागावी. प्रत न मिळाल्यास निदान क्षेत्र किती धरले, जमिनीचा प्रकार कोणता धरला व दर काय लावला, ह्या तीन गोष्टी तरी विचाराव्या.

दुसरे, ती माहिती सातबारा, आठ-अ व मोजणीचा नकाशा ह्यांशी ताडून पाहावी. आर व एकर ह्यांची गल्लत झाली आहे काय, सामाईक खात्यातील हिस्सा बरोबर धरला आहे काय, हे तपासावे. इतर हक्कांत फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून उभा असल्यास, सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला देऊन तो कमी करवून घ्यावा.

तिसरे, नोंदी सुधाराव्या. विहिरीची नोंद गाव नमुना बारामध्ये जलसिंचनाच्या साधनाच्या रकान्यात आली पाहिजे. सन २०२१ पासून पिकांची पाहणी खातेदारास मोबाइलवरून स्वतः नोंदविता येते. तेथे पीक व पाणी दोन्ही बिनचूक भरावे. लेखनप्रमाद असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५ अन्वये तहसील कचेरीत दुरुस्तीचा अर्ज करावा. लागवडीस आणलेल्या ‘अ’ वर्गाच्या पोटखराब्याविषयी २०१८ साली नियमांत सुधारणा झाली आहे. तिचाही लाभ घ्यावा.

चौथे, भावाचा पुरावा जमवावा. आपल्याच गावातील किंवा लगतच्या शिवारातील, तशाच मातीच्या व पाण्याच्या जमिनींची अलीकडची दोन-तीन नोंदलेली खरेदीखते शोधून, त्यांच्या सूची क्रमांक दोनच्या नकला घ्याव्या. सडकेलगतच्या बिनशेती तुकड्याचा भाव आतल्या शेतास लावू नये. तसे केल्याने आपलाच अर्ज हलका होतो.

मग बँकेस अर्ज लिहावा, तो असा: ‘गट क्रमांक अमुक मधील ८० आर क्षेत्र विहिरीखाली बागायत असता जिरायत धरले गेले आहे. सातबारा व तीन खरेदीखतांच्या सूचीच्या नकला जोडल्या आहेत. आमच्या समक्ष जागेची पुन्हा पाहणी व्हावी, अथवा आपल्या यादीतील दुसऱ्या मूल्यमापकाकडून मूल्यांकन व्हावे. त्याची फी आम्ही देऊ.’ अर्जाच्या स्थळप्रतीवर पोच घ्यावी. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहून बांध, विहीर व पाइपलाइन दाखवावी. तरीही शाखेने दाद न दिल्यास बँकेच्या वरिष्ठ कचेरीकडे त्याच कागदांनिशी लिहावे, किंवा दुसऱ्या बँकेत जावे.

मात्र प्रत्येक कमी मोल अन्यायाचेच असते असे नाही. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतरणास निर्बंध असतात. वाटणी न झालेला हिस्सा किंवा वाट नसलेले शेत सहज विकले जात नाही. अशा जमिनीचे मोल बँकेने कमी धरले तर तो तिचा विवेक होय. तेथे भांडण्यात वेळ न दवडता, शक्य असेल तर मूळ अडचण आधी दूर करावी.

आणि मोल वाढून मिळाले म्हणून कर्ज वाढवू नये. वरच्या हिशेबात १२ लाख मिळण्याजोगे असले तरी जुने १० लाखांचेच होते, तेवढेच घ्यावे. दरवर्षी पीकपाहणी संपताच सातबाऱ्याचा उतारा काढून एकदा वाचण्याची सवय आमच्या बंधूंनी ठेवावी, म्हणजे बँकेच्या दारी जाण्याच्या दिवशी कागदांसाठी धावाधाव करावी लागणार नाही.