माझ्या तीनचाकीचे कार्ड

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा नवजात शिशूंच्या काविळीवर किंवा बालदम्यावर मी चार शब्द लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आपल्या सभासदांपैकी अनेक जण माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकतील. म्हणून या वेळी मी वेगळा विषय निवडला आहे. विषय आहे माझ्या गाडीचा बेल्ट. वाचक थोडे हसतील, पण शेवटपर्यंत वाचल्यास हा लेख वैद्यकीय स्मरणिकेत का आला हे त्यांच्या लक्षात येईल.

वयाच्या दुसऱ्या वर्षी मला पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा लुळा पडला. विस्तारित लसीकरण कार्यक्रम आपल्या देशात १९७८ साली सुरू झाला. माझी पिढी त्याच्या आधीची. कॅलिपर आणि कुबडी घेऊनच एमबीबीएस झालो, पुढे एमडी झालो आणि बेळगावात दवाखाना थाटला. फिरण्यासाठी गिअर नसलेली स्कूटर घेऊन तिला दोन्ही बाजूंस चाके जोडून घेतली. लोक तिला तीनचाकी म्हणतात. मोजू गेल्यास चाके चार भरतात, कारण मूळचे मागचे चाक तसेच राहते आणि गाडी ओढण्याचे काम तेच एकटे करते. बाजूची दोन चाके केवळ तोल सांभाळतात. परंतु त्यांचे वजन आणि घर्षण ओढावे लागते ते इंजिनला, आणि इंजिनची ताकद चाकापर्यंत पोहोचते ती एका रबरी बेल्टमधून.

चुकलेली तारीख

२००६ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. त्या काळी दर गुरुवारी दुपारी खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूच्या एका गावी मी बालरुग्ण तपासायला जात असे. जांबोटी सोडली की जंगल आणि चढ सुरू होतो. पाऊस तर असा की समोरचा रस्ता दिसू नये. त्या दिवशी एका चढावर इंजिनचा आवाज अचानक वाढला आणि गाडी मात्र थांबली. बेल्ट तुटला होता.

माझ्यासारख्याला गाडी ढकलता येत नाही आणि चालत पुढचे गाव गाठताही येत नाही. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. तासाभराने आलेल्या एका टेम्पोवाल्याने मला उचलून घेतले. मी उपकेंद्रात पोहोचलो तेव्हा अडीच तास उशीर झाला होता. तिथे दहा महिन्यांचे एक मूल जुलाबांनी कोमेजून पडले होते. डोळे खोल गेलेले, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसणारी. उपकेंद्रातील सिस्टर आणि मुलाची आजी अडीच तास चमच्याचमच्याने ओआरएस पाजत बसल्या होत्या. मूल वाचले. त्याचे सारे श्रेय त्या दोघींचे. मी केवळ उशिरा पोहोचलो होतो.

पुढच्या गुरुवारी नातवाला दाखवायला आजी आल्या. चूक माझीच होती, गाडीच्या पुस्तिकेत दिलेली बेल्टची मुदत मी केव्हाच ओलांडली होती, हे मी त्यांना सांगून टाकले. त्यावर आजी म्हणाल्या, “डाक्टर, कार्डावरची तारीख आमची चुकली की तुमी रागावतासा. तुमच्या गाडीचं कार्ड कुटं हाय?”

मजजवळ उत्तर नव्हते. पुस्तिकेत चोवीस हजार किलोमीटर लिहिले होते आणि काटा एकतीस हजारांवर गेला होता. त्या रात्री मी दवाखान्यातले एक कोरे लसीकरण कार्ड घेतले आणि ‘बाळाचे नाव’ या ओळीत गाडीचा नंबर लिहिला. आज त्या मालिकेतले पाचवे कार्ड चालू आहे.

बेल्ट काम कसे करतो

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनच्या दांड्यावर एक पुली आणि मागच्या बाजूला दुसरी पुली असते. दोन्ही पुल्या म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या बशा. त्यांच्या फटीत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा बेल्ट बसतो. गाडी हळू असताना तो पुढच्या पुलीत खोल आणि मागच्या पुलीत काठाशी असतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतील रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात व बशा जवळ ढकलतात. मग बेल्ट पुढे काठाकडे चढतो आणि मागे स्प्रिंगला दाबत खोल उतरतो. गिअर बदलण्याचे काम असे आपोआप होते. मागच्या पुलीला जोडलेला क्लच, इंजिनचा वेग पुरेसा झाला की चाकाला गती देतो.

या सर्व रचनेत ताकद जाते ती बेल्टच्या दोन उतरत्या कडांमधून. त्या कडा झिजल्या की बेल्ट अरुंद होतो. अरुंद बेल्ट पुढच्या पुलीच्या काठापर्यंत चढू शकत नाही आणि घसरतो. घसरला की तापतो, तापला की रबर कडक होऊन भेगाळते. झीज आणि उष्णता यांचे हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की बेल्ट फार दिवस टिकत नाही.

लक्षणे

बेल्ट सहसा अचानक तुटत नाही, तो आधी सांगत असतो. गाडी सुटताना थरथरते. इंजिनचा आवाज वाढतो, पण त्या मानाने वेग वाढत नाही. पूर्वी जो चढ सहज चढत असे तिथे गाडी दमते. सपाटीवरचा कमाल वेग घटतो. कधी जळक्या रबराचा वास येतो, कधी डाव्या बाजूने किंचाळल्यासारखा आवाज येतो. माझ्या गाडीने यातली तीन लक्षणे त्या जुलैच्या आधी महिनाभर दाखवली होती. मी ती पावसावर ढकलली. एखाद्या आईने बाळाचे वजन वाढत नसल्याचे कारण दात येण्यावर ढकलावे, तसेच.

हीच लक्षणे झिजलेल्या रोलरमुळे किंवा क्लचमुळेही दिसू शकतात. म्हणून लक्षणांवरून निदान करून थांबू नये. झाकण उघडून पाहावे.

तपासणी आणि मोजमाप

बेल्टचे झाकण गाडीच्या डाव्या बाजूला असते आणि आपल्या गाडीत नेमके त्याच्या आड डावे चाक येते. चाके जोडून घेतानाच, डावा आधार चार नट सैल करून काढता येईल असा बनवून घ्यावा. माझ्या पहिल्या गाडीला तो वेल्डिंग करून पक्का बसवला होता. त्यामुळे बेल्ट तपासणे कुणालाच नको असे आणि ते राहून जात असे. डावे चाक काढण्यापूर्वी गाडीखाली लाकडी ठोकळा भक्कम बसवावा आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे.

झाकण उघडल्यावर थोडी काळी भुकटी दिसणे स्वाभाविक आहे. खूप साठली असेल तर बेल्ट घसरतो आहे असे समजावे. नंतर बेल्टची आतली बाजू उलगडून पाहावी. दोन खाचांच्या तळाशी भेगा, कडेला सुटलेले धागे, चकाकणाऱ्या गुळगुळीत कडा, तेलाचा डाग, यांपैकी काहीही दिसले तर बेल्ट बदलावा. तेल दिसले तर केवळ बेल्ट बदलून भागत नाही. कुठल्या तरी ऑइल सीलमधून गळती आहे, ती आधी शोधावी.

यानंतर व्हर्नियरने बेल्टची रुंदी मोजावी. नव्या बेल्टची रुंदी आणि वापराची शेवटची मर्यादा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असते. या दोहोंत अंतर फार नसते, ते मिलिमीटरच्या हिशेबात असते. डोळ्याला तो फरक कळत नाही. कुपोषण डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नये, दंडाला पट्टी लावावी, हे आपण अंगणवाडी सेविकांना शिकवतो. इथेही तोच न्याय लागू पडतो. शिवाय एका मोजमापाने थोडेच कळते. चार मोजमापे तारखेसह लिहिली की झिजेचा वेग कळतो. घाटातल्या फेऱ्या आणि बाजूच्या चाकांचा भार यांमुळे माझ्या गाडीचा बेल्ट सोळा-सतरा हजार किलोमीटरांतच मर्यादेला येतो, हे मला कार्डानेच सांगितले. हा माझ्या गाडीपुरता अनुभव आहे. प्रत्येकाने आपल्या गाडीचा शोधावा.

त्याच वेळी रोलर पाहावेत. एका बाजूने चपटे झाले असतील तर सर्व एकदम बदलावेत. बाजूची दोन्ही चाके उचलून हाताने फिरवावीत. बेअरिंग जड झालेले चाक किंवा कमी हवेचा टायर बेल्टवर गुपचूप भार टाकत असतो.

बदलताना होणाऱ्या चुका

हे काम शक्यतो मेकॅनिककडूनच करून घ्यावे, परंतु शेजारी बसून पाहावे. लहान गावातील मेकॅनिक हाताने कुशल असतो. मात्र त्याच्याकडे प्रत्येक गाडीची पुस्तिका नसते. मी चार गोष्टींवर लक्ष ठेवतो.

पहिली : पुलीचा नट सोडवताना पंख्याच्या पात्यात स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नये, पाती तुटतात. पुली धरण्याचे स्वतंत्र हत्यार मिळते, ते स्वतः विकत घेऊन ठेवावे.

दुसरी : बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा. तपासून पुन्हा बसवायचा जुना बेल्ट पूर्वीच्याच दिशेने बसवावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : मागच्या पुलीच्या बशा हाताने फाकवून बेल्ट त्यात खोल दाबावा, म्हणजे पुढे तो सैल पडतो. तसे न केल्यास पुढची बशी बसवताना बेल्ट मध्ये चिमटतो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात तो बेल्टवर घट्ट झालेला असतो. गाडी सुरू होताच तो ढिला पडतो आणि दांड्याच्या खाचा खराब होतात.

चौथी : आवाज येतो म्हणून बेल्टला तेल, ग्रीस किंवा पावडर, काहीही लावू नये. पुलीच्या बशा पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. बेल्ट मात्र नुसत्या कोरड्या फडक्याने पुसावा.

तुटलेला बेल्ट काढताना त्याचे सर्व तुकडे आणि धागे बाहेर आले की नाही ते पाहावे. दांड्याभोवती गुंडाळलेला एखादा धागाही ऑइल सील कापू शकतो.

दूर गावी राहणाऱ्यांसाठी

जिथे कंपनीचे दुकान जवळ नाही तिथे एक नवा बेल्ट जवळ असायलाच हवा. तो गाडीच्या भाग-क्रमांकाप्रमाणेच घ्यावा; लांबी सारखी दिसणारा दुसरा बेल्ट रुंदीत फसवतो. त्याची घडी करू नये, तीव्र वाकवू नये. ऊन, पेट्रोल आणि सीटखालची उष्णता यांपासून तो दूर ठेवावा. दूरच्या प्रवासाला निघताना तेवढा बरोबर घ्यावा. रबर न वापरताही म्हातारे होते. पोलिओच्या कुपीवर रंग बदलणारा चौकोन असतो, तसा बेल्टवर नसतो. त्यामुळे खरेदीची तारीख आपणच लिहावी, आणि जुना बेल्ट बदलताना साठवणीतला आधी वापरून नवा साठवणीत ठेवावा.

पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी नेल्यावर बेल्ट घसरू लागला तर जोर लावू नये. थांबून पाणी निथळू द्यावे. चढावर उभे राहताना गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक लावावा.

परदेशातील खरी तीनचाकी मोटारसायकल, उदाहरणार्थ कॅनडातील बीआरपी कंपनीची २००७ मध्ये आलेली कॅन-ॲम स्पायडर, मागचे चाक दातेरी बेल्टने फिरवते. आपल्याकडे २०१८ मध्ये आलेल्या एथर ४५० या विजेवरच्या स्कूटरमध्येही दातेरी बेल्ट आहे. तिथे रुंदीपेक्षा ताण आणि सरळ रेषा महत्त्वाची. मागचे चाक काढून बसवले की दोन्ही पुन्हा तपासावीत. दात तुटला आहे का, खडा रुतून भोक पडले आहे का, हे पाहावे. यंत्र वेगळे असले तरी तारीख, मोजमाप आणि जवळचा एक जादा बेल्ट ही त्रिसूत्री तीच आहे.

शेवटी

माझ्या कार्डावर आता पाच रकाने आहेत : तारीख, किलोमीटर, बेल्टची रुंदी, काय केले, पुढची तारीख. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. २००६ नंतर माझा बेल्ट रस्त्यात एकदाही तुटलेला नाही.

आपल्या देशातील वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ते यश घरोघरी फिरून तारखा पाळणाऱ्या असंख्य सिस्टर आणि सेविकांचे आहे. माझ्यासारखी बाजूची चाके लावून फिरणारी डॉक्टरांची पिढी आता शेवटची ठरावी, हीच इच्छा. तोवर आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, किंवा ज्यांचे रुग्ण अशा गाडीवर पोट भरतात, त्यांनी एक कोरे कार्ड आजच भरायला घ्यावे. गाडीच्या वाटेवर कोणीतरी चमचा हातात धरून आपली वाट पाहत बसलेले असते.