करारातील संमती : कर्जाची आयत आणि सुप्याचे कर्जरोखे

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या कागदाविषयी आहे. सूरह अल-बकरहमधील या २८२ व्या आयतीला ‘आयतुद्दैन’, म्हणजे कर्जाची आयत, असे म्हणतात. ठरावीक मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार करावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, हे त्यातील आदेश आपणांस बहुधा ठाऊक असतात. परंतु त्याच आयतीतील आणखी एका आदेशाकडे फारसे लक्ष जात नाही. कागदाचा मजकूर सांगण्याचे काम धनकोकडे दिलेले नाही. ज्याच्यावर देणे आहे त्यानेच तो सांगावयाचा आहे. तो अजाण, दुर्बल किंवा सांगण्यास असमर्थ असेल, तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावा.

यामागील हेतू स्पष्ट आहे. जो मजकूर माणूस स्वतः सांगतो, तो त्याला समजलेला असतो. दुसऱ्याने लिहून पुढे केलेल्या कागदावर केलेली सही समजून केलेली असेलच, असे नाही.

आपल्या देशाचा करार कायदा १८७२ चा असून तो त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अमलात आला. त्याचा पाया थोडक्यात असा : एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, दोन्ही बाजू सज्ञान आणि समजदार असाव्यात, मोबदला व उद्देश कायदेशीर असावेत आणि संमती मुक्त असावी. जबरदस्ती, अनुचित दबाव, फसवणूक, चुकीचे निवेदन किंवा गैरसमज यांतून मिळालेली संमती कायदा मुक्त मानत नाही. तोंडी करारही, जेथे लेखी करार सक्तीचा नाही तेथे, करारच असतो. अडचण येते ती पुराव्याची. अट एवढीच की, हे नियम न्यायालयाने खरोखर तपासले पाहिजेत. ते न तपासता केवळ कागदाची अंमलबजावणी झाली म्हणजे काय घडते, हे पुणे जिल्ह्याने त्यानंतर तीनच वर्षांत पाहिले.

१२ मे १८७५ हा सुपे गावच्या बाजाराचा दिवस होता. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोखे, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्यांवर. जेथे सावकाराने कागद निमूटपणे काढून दिले, तेथे बहुधा मारहाण झाली नाही. कागद मात्र जाळले गेले.

सावकार लोभी होता, एवढे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. लोभ होताच, आणि व्याजाविषयी इस्लामची भूमिका वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु कायद्याचाही त्यात वाटा होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. फळ उलटे निघाले. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. दावा लागल्यावर शेतकरी क्वचितच हजर होई. न्यायालय कागद पाही, निशाणी पाही आणि एकतर्फी हुकूमनामा देई. त्या निशाणीमागे संमती होती की नाही, हे विचारले जात नसे.

कागद जाळून देणे फिटत नाही; शरीअतही तसे मानत नाही. पण चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो वाचताना कर्जाच्या आयतीची आठवण होते. शेतकऱ्याचा दस्तऐवज सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, तो शेतकऱ्याला वाचून दाखवला पाहिजे, त्यावर साक्षी झाल्या पाहिजेत. दिलेल्या रकमेची पावती मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. न्यायालयाने रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब तपासावा, असे ठरले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कायदा करणाऱ्यांसमोर ही आयत होती, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तटस्थ लेखक, समजलेला मजकूर आणि साक्षीदार यांची गरज त्यांना अनुभवातून पटली, एवढेच. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

आता आपल्या घरांकडे वळू. भावाला, मेहुण्याला, मित्राला हातउसने पैसे देताना कागद मागणे म्हणजे अविश्वास, असा समज आपल्यात घट्ट आहे. ज्या आदेशाची सुरुवातच ईमानधारकांना उद्देशून होते, त्याचे पालन अविश्वास कसा ठरेल? आजच्या मुदत कायद्यानुसार अशा रकमेसाठी सामान्यतः तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. ऋणकोने मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. मुदत संपली की न्यायालयाचा दरवाजा बंद होतो, पण अल्लाहजवळ देणे शिल्लक राहते. तीन दीनारांचे देणे मागे ठेवून गेलेल्या एका माणसाच्या जनाजाची नमाज पढवण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नकार दिला होता, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे स्वतःवर घेतल्यावरच त्यांनी नमाज पढवली. करार कायद्याच्या २५ व्या कलमातही एक वाट मोकळी आहे : मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीचे वचन मोबदल्याविनाही बंधनकारक ठरते. ऋणको खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, हा आदेश कर्जाच्या आयतीच्या दोनच आयती आधी आला आहे, हेही धनकोने विसरू नये.

घर भाड्याने देताना महाराष्ट्रात करार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. पुण्यात हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे.

खरी काळजी वाटते ती हक्कसोडपत्राची. वडिलांच्या निधनानंतर बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते, मजकूर आधीच तयार असतो, अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र घेतले जाते. सूरह अन्-निसाने निश्चित केलेला तिचा वाटा दहा मिनिटांत संपतो. मिळकतीत काय काय आहे, त्याची किंमत किती, तिचा हिस्सा किती, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सुप्याच्या कुणब्याची निशाणी आणि ही सही यांत मला फारसा फरक दिसत नाही. वारसाने काही मोबदला घेऊन स्वेच्छेने आपला वाटा सोडणे फिकहमध्ये ‘तखारुज’ म्हणून मान्य आहे. पण सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे माहीत असावे लागते.

कायदाही येथे मुका नाही. ज्याचा दुसऱ्यावर प्रभाव आहे त्याने त्या स्थितीचा गैरफायदा घेऊन करार केला, तर १६ व्या कलमानुसार तो अनुचित दबाव ठरतो. व्यवहार उघडपणे अन्याय्य दिसत असेल, तर दबाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार प्रभावी बाजूवर पडतो. असा दस्त रद्द करून घेता येतो. मात्र त्यासाठीही, ज्या कारणावरून तो रद्द होऊ शकतो ते कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. वडील हयात असताना घेतलेले हक्कसोडपत्र तर मुळात हक्क सोडूच शकत नाही, कारण तेव्हा वारसा ही केवळ शक्यता असते. तथापि मोबदला घेऊन आणि आपल्या वागण्याने इतरांना विश्वास देऊन नंतर वाटा मागणाऱ्याला अडवले जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुलाम अब्बास खटल्यात म्हटले आहे.

म्हणून भावांनी कार्यालयात जाण्यापूर्वी मिळकतीची यादी आणि हिश्शांचा हिशेब बहिणीच्या हाती द्यावा, मसुदा तिच्याकडे काही दिवस राहू द्यावा, तिला तिच्या विश्वासातील वकिलाला किंवा आलिमला तो दाखवू द्यावा आणि मोबदला ठरला असेल तर तो बँकेतून देऊन दस्तात लिहावा. त्यानंतर तिने वाटा सोडण्यास नकार दिला, तर मोजणीदाराला बोलावून मिळकतीची वाटणी करावी.