शिखर कुणाचं, विमान कुणाचं

तंजावूरला मी गेलो तो एका जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी. घर तिथल्याच मराठी कुटुंबाचं. मालकीणबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. चार महिन्यांचं काम दोन वर्षं चाललं, कारण मध्येच गल्लीतल्या छोट्या गणपतीच्या देवळाचं कामही गळ्यात पडलं. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावूर घेतल्यापासून मराठी बोलणारी घरं इथे आहेत, तेव्हा भाषेची अडचण येणार नाही अशी माझी समजूत होती. अडचण आली, आणि ती मराठी-तमिळची नव्हती. दोन्हीकडे चालणाऱ्या संस्कृत शब्दांची होती.

१. 'शिखर' लिहिण्याआधी कुणाचं शिखर ते विचारावं.

देवळाच्या अंदाजपत्रकात मी एक बाब घातली होती : शिखराचा गिलावा, चुन्यात. परंपरेने देवळं बांधणाऱ्या तिथल्या स्थपतींनी भाव इतका कमी दिला की आधी आनंद झाला आणि मग शंका आली. ते शिडी लावून वर गेले होते आणि टोकावरचा घुमटासारखा भाग तेवढा मोजून उतरले होते. आपण गाभाऱ्यावरच्या सगळ्या उंचवट्याला शिखर म्हणतो. त्यांच्याकडे जोत्यापासून कळसापर्यंत गाभाऱ्यासकट जे उभं असतं ते विमान, आणि शिखर म्हणजे त्याचं फक्त डोकं.

स्थपतींनी मला ते स्वतःच्या अंगावर दाखवलं. आक्का दुभाषी. पावलं म्हणजे अधिष्ठान, पाय म्हणजे पाद, म्हणजे भिंतीचा भाग. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, प्रस्तर. मग मान, ग्रीवा. मग डोकं, शिखर. शेवटी टकलावर, जिथे शेंडी असायची तिथे, बोट टेकवून हसले : स्तूपी. हे सहा भाग, षड्वर्ग, मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण तोवर ते माझ्यासाठी यादी होते, शरीर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या देवळात गेलो आणि बृहदीश्वराच्या विमानाला मान कुठे आहे ते शोधलं. सुमारे ६६ मीटर उंची, तेरा तल एकावर एक निमुळते होत जातात, आणि अगदी वर, मानेवर बसवलेलं अष्टकोनी शिखर. पूर्वी तीनदा पाहिलं होतं. मान दिसली नव्हती.

२. 'जगती'चंही तेच.

अंबरनाथच्या किंवा सिन्नरच्या देवळाबद्दल बोलताना जगती म्हणजे देऊळ ज्यावर उभं आहे तो ओटा. तंजावूरला जगती म्हणजे अधिष्ठानातला खालचा एक थर, त्याच्यावर गोलाईचा कुमुद. मी 'जगतीची फरशी' म्हणालो तेव्हा गवंडी माझ्याकडे नुसतेच बघत राहिले. अंबरनाथचा शिलालेख १०६०चा, तंजावूरच्या विमानावर राजराज चोळाने कळस चढवला १०१०मध्ये. पन्नास वर्षांच्या अंतरातली दोन देवळं, शब्द तोच आणि वस्तू वेगळी.

उलटही होतं : शब्द तोच आणि वस्तूही तीच. इथले मराठी राजे सरफोजी यांनी समुद्रकाठी १८१४-१५च्या सुमारास बांधलेल्या षट्कोनी बुरुजाला तमिळ माणसं आजही 'मनोरा'च म्हणतात.

३. उंच दिसलं की गोपूर म्हणू नये.

पुण्याहून आलेले पाहुणे हमखास विमानाकडे बोट दाखवून "केवढं गोपूर!" म्हणतात. गोपूर म्हणजे दरवाजावरचं. इथे केरळान्तकन आणि राजराजन अशी दोन दारं ओलांडून आत जायचं, आणि दोन्ही गोपुरं विमानापेक्षा ठेंगणी. मदुराईला नेमकं उलट : देवाचं विमान लहान, दारं आभाळाला. आणि बहुतेक गोपुरं खाली दगडाची, वर विटा-चुन्याची असतात. दाराच्या पोकळीवर ओझं कमी पडावं म्हणून ही सोय. मी माझ्या इमारतींत वरचे मजले हलके ठेवायला हे बघून शिकलो, महाविद्यालयात नाही.

४. गाइडचं ऐकावं, पण दुपारी स्वतः जाऊन बघावं.

विमानाची सावली पडत नाही म्हणतात. पडते. चांगली लांब पडते आणि उन्हाळ्यात माणसं तिच्यात बसतात. वरचं शिखर ऐंशी टनांचा एकच दगड आहे असंही सांगतात. ते अनेक दगड जोडून केलेलं आहे. मला याचं वाईट वाटत नाही. एक प्रचंड दगड वर चढवणं ही ताकद झाली. अनेक दगड असे बसवणं की लोकांना हजार वर्षं तो एकच वाटावा, याला कसब लागतं. ते करणाऱ्या मुख्य शिल्प्याचं नावही भिंतीवर कोरलेलं आहे : कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. आमच्या धंद्यात कोनशिलेवर अजूनही मंत्र्यांचीच नावं असतात.

५. नाव कळलं की काम कळतं.

प्रस्तरातून पुढे आलेली वळणदार पट्टी म्हणजे कपोत. कपोत म्हणजे कबूतर. बाक त्याच्या मानेसारखा. तमिळमध्ये मोठ्या कपोताला कोडुंगै म्हणतात. आवुडैयारकोविलच्या देवळातलं दगडी कोडुंगै इतकं अवघड आहे की 'ते सोडून बाकी काहीही करून देऊ' असं शिल्पी करारात लिहीत, असं स्थपती सांगतात. मी कपोताला नक्षी समजत होतो.

गणपतीच्या देवळात आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्याने कपोताचा बाक सिमेंटने भरून सरळ करून टाकला होता. नीटनेटकं दिसत होतं. ऑक्टोबर संपता संपता ईशान्य मोसमीचा पाऊस सुरू झाला. (आपला पाऊस परततो तेव्हा इथला खरा पाऊस लागतो, हे माझ्या वेळापत्रकात नव्हतं.) छत्री घेऊन मी देवळासमोर उभा राहिलो. सरळ केलेल्या बाजूला पाणी पट्टीवरून भिंतीला चिकटून खाली येत होतं, भिंत काळी पडली होती. मागच्या बाजूला जुना बाक तेवढा शाबूत होता. तिथे पाणी कपोताच्या ओठापर्यंत येऊन थेंबाथेंबाने सुटत होतं, भिंतीपासून वीतभर लांब. आपल्या पागोळ्याच त्या. भिंत कोरडी.

गाभाऱ्यातलं तीर्थ बाहेर नेणारी दगडी नळी म्हणजे प्रणाल. हा शब्द मला कधी लक्षात ठेवावा लागला नाही, कारण आमच्या घरी तो पन्हळ म्हणून होताच. मोठ्या देवळात अंगणातलं पावसाचं पाणी शेजारच्या शिवगंगा तळ्यात नेण्याची सोय आहे. हल्ली याला पर्जन्यजल संधारण म्हणून स्वतंत्र शुल्क लावता येतं. मीही लावतो.

६. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा सदरा घालू नये.

ही चूक माझी, आणि आक्कांच्या घरातली. मागच्या खोलीची भिंत जुन्या पातळ विटांची, चुन्यात बांधलेली. घाई होती, म्हणून मी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिल्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूला लोणा लागला, पोपडे सुटले, फुगवटे आले. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडून वाळत होती; मी तिचं एक तोंड बंद केलं, ती दुसरीकडून निघाली. आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी खोलीतलं तांदळाचं पिंप हलवलं, एवढंच.

सगळं खरवडून पुन्हा चुना केला. हिरडा फोडून, गुळासोबत पाण्यात भिजवून आंबवायचा आणि त्या पाण्यात चुना मळायचा. इथे हिरड्याला कडुक्काय म्हणतात. वास आठवडाभर अंगणात राहतो. मळलेला चुना थापीवर घेऊन म्हातारा गवंडी थापी उलटी करायचा. चुना पडला नाही तर चालेल म्हणायचा. चुन्याच्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा भिंत अर्धी झाली होती.

७. चौक झाकू नये.

आक्का ज्याला चौक म्हणतात त्याला शेजारी मुट्रम म्हणतात. कुणीतरी त्यावर पारदर्शक पत्रा टाकला होता, पावसाचा त्रास नको म्हणून. पत्रा काढला आणि माजघरातला पंखा मे महिन्यातही दुपारी चारनंतर बंद राहू लागला. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात नाही.

८. 'शाश्वत' हा शब्द जपून वापरावा.

एका चर्चासत्रात मी मोठ्या देवळाला हरित वास्तूचा नमुना म्हटलं होतं. आता म्हणणार नाही. तंजावूर कावेरीच्या गाळाचा प्रदेश. ग्रॅनाइट तिथे नाहीच. सगळा दगड कित्येक मैलांवरून ओढून आणलेला. आजच्या हिशेबाने त्या बांधकामाला कुणी एकही तारांकन देणार नाही.

मला शिकण्यासारखी वाटली ती दुरुस्तीची रीत. देवळाचा कुंभाभिषेक साधारण बारा वर्षांनी करायचा अशी प्रथा आहे. तेव्हा देवत्व तात्पुरतं दुसरीकडे, बालालयात, हलवतात आणि विमान, गोपुरं, गळती, भेगा सगळं बघतात. कळसातलं जुनं धान्य काढून नवं भरतात. बहुतेक ठिकाणी ते वरगू असतं, कोकणात ज्याला हरीक म्हणतात ते. त्याने वीज अडते असं मला एकाने ठामपणे सांगितलं. मी मान डोलावली. मोठ्या देवळात हे चक्र लांबलं. १९९७नंतरचा कुंभाभिषेक थेट ५ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. पण झाला. मी बांधलेल्या एकाही इमारतीच्या कागदांत पुढच्या दुरुस्तीची तारीख नव्हती. आता घालतो, आणि ग्राहक ती ओळ खोडायला सांगतात.

९. नावं चित्रावर लिहावीत.

मोठ्या देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मी तो बोट फिरवत अर्धी दुपार वाचला, तेव्हा सुचलं की आपलंही लेखी असावं. गणपतीच्या देवळाचा उभा छेद काढला आणि प्रत्येक थरासमोर तीन रकाने केले : मराठी, संस्कृत, तमिळ. तिसरा रकाना स्थपतींनी भरला. तमिळ लिपीत 'ख' नाही, त्यामुळे शिखराचं त्यांनी 'सिगरम्' वाचलं आणि पुन्हा डोक्यावर हात ठेवला.

सुधारित अंदाजपत्रकात ती बाब अशी लिहिली : विमानाचा गिलावा, अधिष्ठानापासून स्तूपीपर्यंत, चुन्यात. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मुंडी हलवली आणि नवा भाव लिहिला. पहिल्याच्या साडेचारपट.